दोन हात फायर पेंट आणि उघडा गर्डर

लोखंड जळत नाही, हे खरं. पण म्हणून लोखंडी माळा आगीत टिकतो, हे साफ चूक. ठाणे-नवी मुंबईतल्या महापे, रबाळे, वागळे इस्टेटच्या गाळ्यांमध्ये आयएसएमबी (आय आकाराचे प्रमाणित लोखंडी) गर्डर टाकून माळा काढतात आणि वर छतापर्यंत माल रचतात, तिथे हा गैरसमज जिवावर बेतू शकतो.

आयएस 800 (2007) या स्टील बांधकामाच्या भारतीय कोडमधलं गणित शाळकरी आहे. 215 अंश सेल्सिअसपर्यंत स्टीलची ताकद पूर्ण धरायची. त्यापुढे 905 मधून तापमान वजा करून 690 ने भागायचं. 560 अंशांना उत्तर 0.5, म्हणजे ताकद निम्मी. गर्डरवर क्षमतेच्या निम्माच भार असेल तर तो 560 पर्यंत तग धरेल. थप्प्या वाढवून भार 70 टक्क्यांवर नेला, की 422 लाच मान टाकेल. आगीच्या प्रमाणित चाचणीची भट्टी पाचव्या मिनिटाला 576 अंशांवर असते. वर स्लॅब असलेला 300 मिमीचा उघडा गर्डर साधारण 18 मिनिटांत 560 गाठतो. कोड मात्र आगीत टिकण्याची भाषा तासांत बोलतो.

आरसीसी बीमचं काम सळईवरच्या काँक्रीटच्या कव्हरने भागतं: काँक्रीटचा कोड आयएस 456 नुसार दोन तासांसाठी साध्या टेकूच्या बीमला 40 मिमी, सलग बीमला 30. स्टीलला असं अंगचं कवच नाही, म्हणून फायर पेंट.

हा रंग आग अडवत नाही, तो फुगतो. साधारण 200 अंशांपुढे त्यातलं अमोनियम पॉलिफॉस्फेट फुटून आम्ल तयार होतं. ते पेंटाएरिथ्रिटॉलमधलं पाणी काढून घेतं, मागे कोळसा उरतो. त्याच सुमारास मेलामाइनमधून वायू सुटतो आणि मऊ कोळसा पावासारखा फुलतो. एखाद मिलिमीटरच्या थराचा काही सेंटिमीटर जाड, सच्छिद्र, उष्णतारोधक फेस होतो. म्हणूनच गर्डरला चिकटून डक्ट किंवा जिप्सम बोर्ड बसवला की सगळं फुकट. फुगायला जागाच नाही.

आता थर किती? इथेच गफलत होते. गर्डरचा आगीला उघडा परीघ भागिले छेदाचं क्षेत्रफळ, हा आकडा जितका मोठा तितका गर्डर लवकर तापतो. स्लॅबखालच्या आयएसएमबी 600 ला तो मीटरमागे 115 च्या आसपास, 300 ला 170, तर 150 ला 270 च्या वर. म्हणजे बारीक गर्डरला जाड थर हवा. साइटवर मात्र सगळ्यांना सरसकट ‘दोन हात’ मारतात, आणि आडव्या बारीक गर्डरना उरलासुरला रंग. थर हातांत मोजत नाहीत, मायक्रॉनमध्ये मोजतात, तोही कंपनीच्या चाचणी-तक्त्यातून, त्याच गर्डरसाठी आणि त्याच मर्यादा-तापमानासाठी (म्हणजे ज्या तापमानाला तो मान टाकतो). डब्यावर ‘120 मिनिटं’ छापलंय म्हणून कुठल्याही गर्डरला 120 मिनिटं मिळत नाहीत. (वास्तुशास्त्र पाळून जनरेटर आग्नेयेला ठेवूनही मिळत नाहीत. स्टीलला दिशा कळत नाही.)

दुसरा शत्रू आपला पाऊस. रंगातले हे घटक थोडेफार पाण्यात विरघळतात. टॉपकोट (वरचा संरक्षक रंग) नसलेल्या थराला जुलैची ओल लागली की तो मऊ पडतो, फोड येतात, फुगण्याची ताकद जाते. खाडीकाठच्या दमट हवेत टॉपकोट ही चैन नाही. आधी सँडब्लास्ट, मग त्या पेंटला चालणारा प्रायमर. तैलरंगाच्या जुन्या थरावर मारलेला फायर पेंट तापल्यावर फेसासकट गळून पडतो. नंतर कुणी केबल ट्रेचा क्लॅम्प वेल्ड केला, तर जळालेला पट्टा खरवडून पुन्हा पूर्ण जाडीचा थर द्यायचा.

तपासताना जाडी मोजायचा गेज फ्लँजच्या (गर्डरच्या आडव्या पट्टीच्या) खालच्या कडांवरही लावा, ब्रश तिथेच घसरतो. आणि आलेल्या आकड्यातून प्रायमरची जाडी वजा करा. टॉपकोट त्यानंतरच.