बॅटरी ऊर्जासाठवणीचे अर्थकारण

विजेच्या जाळ्यात मागणी व पुरवठा यांचा मेळ क्षणोक्षणी घालावा लागत असल्याने दुपारी तीनची वीज आणि संध्याकाळी सातची वीज या व्यवहारात दोन वेगळ्या वस्तू ठरतात. स्वस्त वेळेची वीज भरून ठेवून ती महाग वेळी विकणे, हा बॅटरी प्रकल्पाचा मूळ धंदा होय. बॅटरी वीज निर्माण करीत नाही, उलट थोडी खातेच. लिथियम-आयन प्रकल्पात १०० युनिट भरले, तर साधारणतः ८५ परत मिळतात. म्हणजे विक्रीचा दर खरेदीच्या सुमारे १.१८ पट असला, तरी केवळ ही गळतीच भरून निघते आणि भांडवल, देखभाल व घटांची (बॅटरीतील सेलची) झीज यांची वसुली त्याहून वरच्या फरकातून करावी लागते.

प्रकल्पाचा आकार दोन परिमाणांत सांगतात. एका वेळी किती वीज देता येते हे मेगावॉटमध्ये, तर एकूण साठा किती हे मेगावॉट-तासांत मोजतात. १०० मेगावॉट व ४०० मेगावॉट-तासांचा प्रकल्प पूर्ण शक्तीने चार तास चालतो. बातम्यांत बहुधा पहिलाच आकडा येतो, पण घटांवरचा मोठा खर्च दुसऱ्याने ठरतो. रोज एकदा भरून रिकामी होणारी बॅटरी हा खर्च वर्षाच्या ३६५ चक्रांवर वाटून घेते. पावसाळ्यातली वीज उन्हाळ्यासाठी राखायची झाल्यास तोच भार वर्षाकाठी एका चक्रावर पडतो, म्हणून हंगामी साठवणीसाठी लिथियम-आयन परवडत नाही. शिवाय प्रत्येक चक्रागणिक घट झिजतात. दरांतला फरक किरकोळ असेल त्या दिवशी बॅटरी स्वस्थ ठेवणेच शहाणपणाचे असते.

विद्युत वाहनांसाठी वाढलेले उत्पादन आणि निकेल-कोबाल्ट टाळणारे लिथियम आयर्न फॉस्फेट घट यांमुळे २०१० ते २०२४ या काळात बॅटरी संचांच्या किमती सुमारे ९० टक्क्यांनी उतरल्या. केवळ स्वस्ताईवर नफा ठरत नाही, कारण बॅटरीचे उत्पन्न इतर बॅटऱ्यांच्या संख्येवरही अवलंबून असते. दक्षिण ऑस्ट्रेलियात २०१७ मध्ये सुरू झालेल्या हॉर्न्सडेल प्रकल्पाने (१०० मेगावॉट, १२९ मेगावॉट-तास) सुरुवातीला जाळ्याची वारंवारता (विजेची सेकंदाला होणारी आवर्तने, जी मागणी-पुरवठ्याचा मेळ बिघडला की डळमळतात) सांभाळण्याच्या सेवेतून भरघोस कमाई केली. डळमळलेली वारंवारता सावरायला बॅटरीला सेकंदाचा अंशही पुरतो, पण अशा सेवेची गरज मुळातच मर्यादित असते. ब्रिटनमध्ये प्रकल्पांची गर्दी झाल्यावर २०२३ पर्यंत या सेवेचे दर कोसळले. खरेदी-विक्रीतही हेच घडते. अनेक बॅटऱ्या दुपारी सौर वीज उचलू लागल्या की दुपारचा दर चढतो, त्या संध्याकाळी रिकाम्या झाल्या की संध्याकाळचा उतरतो, आणि ज्या फरकावर धंदा उभा असतो तोच आकसतो. याच जोखमीमुळे कर्ज देणाऱ्या बँका बाजारभावावर विसंबण्याऐवजी ठरावीक रकमेच्या दीर्घ मुदतीच्या कराराचा आग्रह धरतात. अशा करारात प्रकल्पाचे व्याज उतरते. मात्र भाव पडण्याची जोखीम वीज खरेदीदार कंपनीकडे, आणि अखेर बहुधा ग्राहकाच्या बिलाकडे सरकते.