बल्गेरियन ‘वल्क’: लांडग्याच्या नावातला जुना ठेवा

बल्गेरियनमध्ये लांडग्याला ‘वल्क’ म्हणतात. रशियन ‘वोल्क’, लिथुआनियन ‘विल्कस’ आणि संस्कृत ‘वृक’ ही त्याचीच भावंडं. मराठीच्या रोजच्या बोलण्यात लांडगाच राहिला, पण भीमाच्या ‘वृकोदर’ या नावात हा शब्द आपल्याला भेटतोच.

जुन्या बल्गेरियनमधल्या नामांच्या विभक्ती पुढे लोपल्या, मागे उरलं ते मुख्यतः संबोधन. ‘तो’ अर्थाचं दर्शक सर्वनाम नामाच्या शेवटी चिकटलं आणि ‘वल्कत’ (तो विशिष्ट लांडगा) तयार झालं. लेखनात कर्ता असेल तर ‘वल्कत’, कर्म असेल किंवा आधी शब्दयोगी अव्यय असेल तर ‘वल्का’. बोलताना हा भेद पाळला जात नाही. तो व्याकरणकारांनी घालून दिलेला आहे, म्हणून शिकलेली माणसंही लिहिताना चुकतात. पडताळा सोपा आहे: नामाच्या जागी ‘तोय’ (तो) बसला तर ‘वल्कत’, ‘नेगो’ (त्याला) बसला तर ‘वल्का’.

अनेकवचन ‘वल्त्सी’, निश्चित रूप ‘वल्त्सिते’. मात्र मादी ‘वल्चित्सा’ आणि पिल्लू ‘वल्चे’ (अनेकवचन ‘वल्चेता’). क-चा एकदा त्स आणि एकदा च का? दोन्हीकडे पुढे ‘इ’च तर आहे! पण मादीच्या प्रत्ययातली ‘इ’ मूळचीच, तिने क-ला आधी गाठून च केलं. अनेकवचनाची ‘इ’ जुन्या ‘ओइ’पासून उशिरा आली, आणि तिच्यापुढे क-चा त्स झाला. मराठी जिभेची अडचण वेगळी: ‘त्याचा’मधला दंत्य च आपल्याकडे ‘त्याची’मध्ये तालव्य होतो. त्याच सवयीने ‘वल्त्सी’चं ‘वल्ची’ होतं, आणि ‘वल्चि’ म्हणजे ‘लांडग्याचा’, ते विशेषण!

सगळ्यात मोलाचं रूप संख्येनंतर येतं. दोन लांडगे म्हणजे ‘द्वा वल्का’. इथे ‘वल्त्सी’ चूक. हे जुनं द्विवचन आहे, ऋग्वेदातल्या ‘द्वा सुपर्णा’ (दोन पक्षी) मधल्या द्विवचनाचा सख्खा भाऊ. द्विवचन भाषेतून गेलं, पण हे रूप पुढे सगळ्याच संख्यांना लागू झालं: ‘पेत वल्का’ (पाच), ‘न्याकोल्को वल्का’ (काही). ‘म्नोगो’ (पुष्कळ) आलं की मात्र परत ‘वल्त्सी’. माणसांच्या पुल्लिंगी नामांना हे रूप लावत नाहीत, तिथे साधं अनेकवचनच.

1945पूर्वीच्या छापील मजकुरात ‘वल्क’च्या शेवटी एक अनुच्चारित अक्षर दिसेल. त्या वर्षीच्या लेखनसुधारणेत ते गेलं. ‘वल्कत’मध्ये त-च्या आधी ऐकू येणारा ऱ्हस्व स्वर हा त्याच अक्षराचा जुना उच्चार.