गिटार, केबल आणि मधली डबी

इलेक्ट्रिक गिटारसाठी वेगळी टोन-डबी, म्हणजे खर्ज आणि वरचे स्वर (ट्रेबल) कमी-जास्त करणारी डबी, बनवायची असं ठरवलं तेव्हा काम अर्ध्या तासाचं वाटलं होतं. दोन रेझिस्टर, दोन कपॅसिटर, एक पॉट (नॉबने फिरवायचा रेझिस्टर). सोल्डर केलं, एका बाजूला गिटार लावली, दुसऱ्या बाजूला अ‍ॅम्प, आणि तार छेडली. आवाज गोधडीखालून आल्यासारखा. नॉब पार ट्रेबलच्या टोकाला नेला तरी तीच रड. जोडणी तीनदा तपासली, सगळं आकृतीप्रमाणेच होतं. गडबड माझ्या समजुतीत होती: गिटार म्हणजे सिग्नल देणारी वस्तू आणि डबी म्हणजे तो घेणारी, असं मी धरून चाललो होतो. प्रत्यक्षात गिटार त्या सर्किटचाच एक भाग असते.

गिटारच्या तारांखालचा पिकअप म्हणजे काय, तर चुंबकाभोवती केसापेक्षा बारीक तांब्याच्या तारेचे काही हजार वेढे. वरची पोलादी तार कंप पावली की चुंबकीय क्षेत्र हलतं आणि वेढ्यांमध्ये इवलासा व्होल्टेज तयार होतो. पण इतके वेढे म्हणजे मोठं इंडक्टन्स. साध्या सिंगल-कॉइल पिकअपचं दोन ते तीन हेन्री सहज भरतं. इंडक्टन्सचा स्वभाव असा की फ्रिक्वेन्सी जितकी वर, तितका त्याचा विरोध जास्त. अडीच हेन्रीची कॉइल धरली तर १०० हर्ट्झला तो जेमतेम दीड किलोओहम असतो, ४००० हर्ट्झला ६३ किलोओहम. म्हणजे खर्ज सहज बाहेर पडतो आणि वरचे स्वर धापा टाकत येतात.

यात केबलही आली. गिटारच्या केबलमध्ये मधली तार आणि भोवतीची जाळी मिळून एक कपॅसिटर होतो, मीटरमागे साधारण १०० पिकोफॅरडचा. पिकअपचं इंडक्टन्स आणि ही कपॅसिटी मिळून एका फ्रिक्वेन्सीला अनुनाद होतो, आणि गिटारच्या आवाजातली जी चकाकी आपल्याला आवडते ती बरीचशी तिथलीच. तीन मीटरची केबल आणि कॉइलची स्वतःची १०० पिकोफॅरड धरली तर हा उंचवटा ५००० हर्ट्झच्या आसपास येतो. केबल सहा मीटरची केली की तोच ३८०० वर उतरतो. ‘लांब केबलने आवाज बोथट होतो’ असं वादक म्हणतात, त्यात अंधश्रद्धा काही नाही.

गिटारवरचा टोन नॉब हाच खेळ मुद्दाम करतो. तो शून्यावर आणला की ०.०२२ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर सरळ पिकअपच्या आडवा येतो आणि अनुनाद ७०० हर्ट्झच्याही खाली घसरतो. त्याला वजाबाकीच येते, बेरीज येत नाही.

आता माझी गोधडी. मी उचललेली रचना न्यूयॉर्कच्या इलेक्ट्रो-हार्मोनिक्स कंपनीच्या बिग मफ या, आवाज फाडून दाट करणाऱ्या (फझ) पेडलमधली. सिग्नलला दोन वाटा. एका वाटेत ३९ किलोओहम आणि जमिनीकडे (म्हणजे सर्किटच्या शून्य व्होल्टच्या तारेकडे, ग्राउंडकडे) १० नॅनोफॅरड, ती साधारण ४०० हर्ट्झच्या वरचं कापत जाते. दुसरीत आधी ४ नॅनोफॅरड आणि मग जमिनीकडे २२ किलोओहम, ती १८०० च्या खालचं कापते. दोन्ही वाटांच्या मध्ये १०० किलोओहमचा पॉट. नॉब डावीकडे गेला की पहिली वाट, उजवीकडे गेला की दुसरी. पेडलमध्ये दोन वाटांच्या या जाळ्याच्या आधी ट्रान्झिस्टर आहे म्हणून निभतं. मी ते थेट पिकअपला लावलं होतं. ४००० हर्ट्झला हे जाळं जेमतेम पंधरा-सोळा किलोओहमचं दिसतं, पिकअप स्वतः ६३ चं. देणारा इतका अशक्त आणि मागणारा इतका खादाड. वरचे स्वर डबीत शिरण्याआधीच संपले होते.

उपाय म्हणजे बफर. टीएल०७२ या आठ पायांच्या चिपमध्ये दोन ऑप-अँप, म्हणजे छोटे अ‍ॅम्प्लिफायर, असतात. पहिला फक्त सिग्नल जसाच्या तसा पुढे देतो, पण गिटारला समोर दिसतो १ मेगओहम. पुढे जाळ्याने कितीही ओढलं तरी पिकअपला त्याची झळ लागत नाही. या डबीत नॉबपेक्षा बफर महत्त्वाचा, असं माझं ठाम मत आहे. दुसरा ऑप-अँप जाळ्यात गमावलेली पातळी तिपटीने भरून काढतो.

सामान घ्यायला पुण्यात पासोड्या विठोबापाशी, इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत गेलो. दुकानदार म्हणाले, “चार नॅनो येत नाही साहेब, ३९२ देऊ?” ३९२ म्हणजे ३९ वर दोन शून्यं, ३९०० पिकोफॅरड. चालतंय.

नऊ व्होल्टच्या बॅटरीवर ऑप-अँप चालवायचा तर सिग्नलला साडेचार व्होल्टच्या मधल्या पातळीवर बसवावं लागतं. ते साडेचार व्होल्ट जाळ्यात शिरू नयेत म्हणून बफरनंतर एक मायक्रोफॅरडचा कपॅसिटर हवा. मी तो विसरलो, आणि नॉब फिरवताना पत्र्यावर वाळू घासावी तशी खरखर ऐकली.

आवाज मोकळा झाला, पण नॉब मधोमध ठेवला की मधले स्वर पोकळ. कारण गमतीचं आहे. १००० हर्ट्झला दोन्ही वाटा सिग्नल कमी तर करतातच, शिवाय एक त्याच्या लाटेला मागे रेटते आणि दुसरी पुढे. दोघांमधलं अंतर १३० अंशांच्या घरात जातं. पॉटच्या मध्यावर ते एकत्र आले की एकमेकांना खोडतात आणि जेमतेम पाचवा हिस्सा उरतो. फझच्या दाट आवाजाला ही पोकळी शोभते, स्वच्छ आवाजाला नाही. ३९२ काढून तिथे १०३, म्हणजे १० नॅनोफॅरड, लावला की खड्डा जवळजवळ भरून निघतो. एका कपॅसिटरच्या किमतीत डबीचा स्वभावच बदलतो.

बास आणि ट्रेबल वेगवेगळे वाढवायचे असतील तर पीटर बॅक्सँडॉल यांची १९५२ ची रचना आहे, पण एका नॉबच्या डबीला ती जड होते.

डबी अ‍ॅल्युमिनियमची घ्या आणि ती सर्किटच्या त्याच जमिनीला जोडा, नाहीतर घरातल्या विजेची ५० हर्ट्झची घरघर आत शिरते. इनपुटला स्टिरिओ जॅक लावून बॅटरीची ऋण तार त्याच्या मधल्या कडीला जोडली की प्लग घातल्यावरच डबी चालू होते, वेगळा स्विच लागत नाही. टीएल०७२ ला तीनेक मिलिअँपिअर पुरतात. तरी वाजवून झाल्यावर प्लग तसाच राहिला, तर चांगली अल्कलाइन बॅटरीसुद्धा आठवड्याभरात बसते. माझ्या दोन बसल्या.