मोंढ्यातला काटा आणि युरेनियमचा हिशेब

३० सप्टेंबर १९९३. पहाटेचे चार वाजायला चार-पाच मिनिटं कमी होती. आदल्या रात्री गणपती बुडवून लोक उशिरा झोपले होते. मी तेव्हा सातवीत. आमचं गाव किल्लारीपासून जरा लांब, म्हणून आमच्या भिंतींना नुसत्या चिरा पडल्या. पण किल्लारी, सास्तूरच्या पट्ट्यात माळवदाची घरं जागेवर बसली. मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती, वर लाकूड आणि लाकडावर मातीचा थर. उन्हाळ्यात गारवा देणारं तेच छत झोपलेल्या माणसांवर आलं. जवळपास दहा हजार माणसं गेली.

जगभरातल्या भूकंपमापकांवर त्या पहाटेची नोंद सहाच्या थोडी वर झाली. पुढे चोवीस वर्षांनी, ३ सप्टेंबर २०१७ ला, त्याच यंत्रांवर साधारण तेवढाच धक्का नोंदला गेला. जागा होती उत्तर कोरियातला एक डोंगर. काही मिनिटांतच तज्ज्ञांनी ओळखलं की हा भूकंप नाही, जमिनीखाली फोडलेला अणुबॉम्ब आहे. मी आता लातुरात विज्ञान शिकवतो, आणि आमच्या भागातली मुलं हे ऐकलं की हमखास विचारतात: सर, आकडा तोच, मग ओळखलं कसं?

विहिरीला सुरुंग लावताना ज्यांनी पाहिलंय त्यांना हे लवकर कळतं. सुरुंग उडाला की एक दणका बसतो आणि विषय संपतो. सगळा जोर एका बिंदूतून चारी दिशांना बाहेर ढकललेला असतो. भूकंपाचं तसं नसतं. तिथे खडकाचे दोन प्रचंड तुकडे एकमेकांना घासत सरकतात. त्या घासण्यातून जमीन आडवी हेलकावे खाते. किल्लारीच्या रात्री जे जागे होते ते अजून सांगतात की आधी गुरगुर आली, मग उभं राहता येईना. यंत्राच्या भाषेत पहिली गुरगुर म्हणजे पी लहर, दाबत-ढकलत सगळ्यात आधी पोचणारी. नंतर येते ती एस लहर, आडवी हलवणारी. स्फोटात पी लहर जोरात असते आणि एस लहर त्या मानाने क्षीण. भूकंपात एस लहर आणि तिच्यामागून येणाऱ्या पृष्ठभागावरच्या लांब लहरी ताकदवान असतात. दोघींचं प्रमाण काढलं की बहुतेक वेळा निकाल लागतो. खोलीही सांगून जाते, कारण माणूस बॉम्ब पुरून पुरून किती खोल पुरणार? पण किल्लारीसारखा, जमिनीच्या अगदी वरच्या थरातला भूकंप असला की खोलीचा पुरावा कमी पडतो आणि लहरींचं प्रमाण फार काळजीने तपासावं लागतं. ज्या विद्येमुळे अणुचाचणी लपवता येत नाही, ती विद्या आपल्यासारख्या उथळ भूकंपांवरच घासूनपुसून तयार झाली आहे.

आपल्या दक्षिणेला, कर्नाटकातल्या गौरीबिदनूरला, भाभा अणुसंशोधन केंद्राने १९६५ साली ब्रिटनच्या मदतीने भूकंपमापकांची एक मोठी रांग उभारली. उद्देश हाच होता: दूरदेशी जमिनीखाली कोणी अणुस्फोट केला तर तो ऐकायचा. आज जगभर अशा ऐकणाऱ्या केंद्रांचं मोठं जाळं आहे. १९९६ च्या सर्वंकष अणुचाचणी बंदी करारासाठी ठरवलेल्या जाळ्यात प्रयोगशाळा धरून ३३७ ठिकाणं आहेत. काही जमिनीला कान लावतात, काही समुद्राला, काही हवेतल्या अतिमंद आवाजाला. काही केंद्रं तर हवा गाळतात. अणुस्फोटात झेनॉन नावाचा किरणोत्सारी वायू तयार होतो आणि खडकाच्या फटींतून हळूहळू वर झिरपतो. २००६ साली उत्तर कोरियाने पहिली चाचणी केली, तेव्हा त्या वायूचा माग दोनेक आठवड्यांनी थेट कॅनडातल्या यलोनाइफ इथल्या केंद्रावर लागला.

तो करार मात्र अजून अंमलात आलेला नाही. ज्या देशांच्या मंजुरीशिवाय तो लागू होत नाही त्यांत अमेरिका आहे, चीन आहे आणि भारतही आहे. भारताने सही केलेली नाही. १९९८ नंतर चाचणी करणार नाही हे आपण स्वतःहून जाहीर केलं आणि आजवर पाळलंही आहे. सही न करण्यामागची कारणं मी समजू शकतो. तरीही या जाळ्यातलं एकही केंद्र भारतात नाही, याची किल्लारीच्या माणसाला खंत वाटते. त्सुनामीचा इशारा देणाऱ्या देशांना हेच जाळं आज नोंदी पुरवतं. बॉम्ब ऐकणारा कान भूकंपही ऐकतो. त्याचा फायदा आपल्या खेड्यांना मिळायला हवा.

आता बॉम्बच्या पोटातल्या मालाकडे येऊ.

खाणीतून निघालेल्या युरेनियमचे हजार अणू घेतले तर त्यांतले सातच कामाचे, म्हणजे युरेनियम-२३५ चे. बाकी ९९३ युरेनियम-२३८ चे. सूप घेऊन बसलेल्या बाईला हजार दाण्यांतून सात चांगले दाणे ठेवून बाकीचे पाखडायचे आहेत असं समजा. वीज करणाऱ्या बऱ्याच अणुभट्ट्यांना शंभरात चार चांगले दाणे पुरतात. म्हणजे सुपात १७५ दाणे उरले की काम झालं, ८२५ पाखडून टाकले. बॉम्बसाठी शंभरात नव्वद लागतात, म्हणजे सुपात उरले पाहिजेत जेमतेम आठ. त्यासाठी आणखी किती पाखडायचे? फक्त १६७. प्रत्यक्षात गरगर फिरणाऱ्या सेंट्रिफ्यूज यंत्रांतला हिशेब याहून गुंतागुंतीचा असतो, पण मर्म हेच. विजेसाठी लागणाऱ्या इंधनापर्यंत पोचलेल्या देशाने बॉम्बच्या वाटेवरची बहुतेक मेहनत आधीच केलेली असते. यंत्र तेच, कामगार तेच. ‘शांततेचा अणू’ आणि ‘युद्धाचा अणू’ असे दोन वेगळे अणू निसर्गात नाहीत.

मग फरक करायचा कसा? मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, करतात तसा: मोजून.

आमचे वडील तूर-उडीद घेऊन मोंढ्यात जायचे तेव्हा मी सोबत असे. हमाल पोती उतरवत, मापाडी काटा लावत, आडत्या हिशेबपट्टी लिहीत असे. वडील आधी काट्यावरचा वैधमापनाचा शिक्का बघायचे. घरून इतकं निघालं, इथे इतकं भरलं, मधे घट किती आली? घट दोन-चार किलोंची असली तर धूळ, ओल म्हणून सोडून द्यायची. त्याहून जास्त आली तर तिथेच आवाज चढायचा.

व्हिएन्नातली आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्था, आयएईए, हेच काम करते. ती १९५७ साली स्थापन झाली. आधी किती माल होता, किती आला, किती गेला, आता किती आहे, आणि हिशेबात न सापडलेला किती? कधी घाबरायचं याचे आकडेही ठरलेले आहेत: प्लुटोनियम (अणुभट्टीत युरेनियमपासून तयार होणारा, बॉम्बला चालणारा दुसरा धातू) ८ किलो, किंवा अतिसमृद्ध, म्हणजे पाखडून २३५ चं प्रमाण खूप वाढवलेल्या, युरेनियमात २३५ चं वजन २५ किलो. एवढा माल बेपत्ता झाला तर एक बॉम्ब झाला असण्याची शक्यता धरायची.

या संस्थेचं सील मला फार आवडतं. वर्षानुवर्षं वापरलेलं त्यांचं सील म्हणजे नाण्याएवढी धातूची डबी. तिच्या आतल्या बाजूला अशी खरवड असते की तशी दुसरी सापडत नाही. लावण्याआधी तिचा फोटो काढून ठेवायचा. पुढे निरीक्षक ती वायर कापून काढून आणतो आणि फोटो शेजारी ठेवून ओरखडा-ओरखडा जुळवतात. कोणी मधे उघडून पुन्हा बसवली तर ओरखडे खरं बोलतात. सोबत कॅमेरे असतात, आणि सुती कापडाचे चौकोनी तुकडेही. निरीक्षक ते कापड भिंतीवर, नळीवर पुसून घेतो. डोळ्यांना न दिसणारा एक कण चिकटला तरी प्रयोगशाळा सांगते की हे युरेनियम किती समृद्ध केलेलं आहे. २००३ साली इराणमध्ये असेच अतिसमृद्ध कण सापडले. त्यांतले बरेचसे बाहेरून आणलेल्या यंत्रभागांसोबत आले होते असं पुढे तपासात दिसलं. कापडाच्या तुकड्याने चोरीही पकडता येते आणि चुकीचा आळही पुसता येतो.

हे सगळं आपल्याला परकं नाही. तुर्भ्याच्या भाभा केंद्राने अकोल्याच्या कृषी विद्यापीठासोबत किरणांनी बदललेल्या वाणापासून ‘टीएयू-१’ हा उडीद तयार केला, तो १९८५ साली आला. मराठवाड्यात हा उडीद पिढीभर पेरला गेला. कर्करोगाच्या रुग्णांना ज्याचे किरण दिले जातात तो कोबाल्ट-६० अणुभट्टीतच तयार होतो. आणि त्याच तुर्भ्यात ‘सायरस’ नावाची अणुभट्टी होती. भट्टी कॅनडाने दिली, ती चालवायला लागणारं जड पाणी अमेरिकेने, शांततेच्या कामासाठी म्हणून. १९७४ साली पोखरणला फोडलेल्या स्फोटातलं प्लुटोनियम तिच्यातून आलं. भारताने त्याला शांततामय स्फोट म्हटलं. कॅनडाने सहकार्य थांबवलं आणि अणुसामग्री विकणाऱ्या देशांनी आपला गट बांधून नियम कडक केले. त्याची किंमत आपण तीन दशकं मोजली. तारापूरला इंधन मिळवताना नाकी नऊ आले. २००८ साली त्या गटाने भारतासाठी सवलत दिली आणि त्या बदल्यात आपण नागरी भट्ट्या आयएईएच्या देखरेखीखाली आणायचं मान्य केलं. त्यानंतर बाहेरचं युरेनियम पुन्हा येऊ लागलं. हिशेब दाखवल्यावर माल मिळाला. यात कमीपणा वाटून घेण्यासारखं मला काही दिसत नाही.

पाखडणं उलटंही करता येतं, हे मला यातलं सगळ्यात मोठं वाटतं. किल्लारी झाली त्याच १९९३ साली रशिया आणि अमेरिकेने करार केला: रशियाच्या बॉम्बमधलं ५०० टन अतिसमृद्ध युरेनियम पातळ करायचं आणि अमेरिकेतल्या वीजकेंद्रांना इंधन म्हणून विकायचं. वीस वर्षांत, २०१३ पर्यंत, सुमारे वीस हजार बॉम्बचा माल असा जळून वीज झाला. त्या काळात अमेरिकेतल्या दर दहा दिव्यांमागे साधारण एक दिवा रशियन बॉम्बवर चालत होता. त्याच १९९३ च्या मार्चमध्ये दक्षिण आफ्रिकेने जाहीर केलं की आम्ही सहा बॉम्ब बनवले होते आणि ते मोडून टाकले. आयएईएने जुन्या नोंदी तपासून तो हिशेब जुळवला. आता कझाकस्तानात आयएईएचं ९० टन सौम्य, म्हणजे विजेपुरतंच समृद्ध केलेल्या, युरेनियमचं कोठार आहे. एखाद्या देशाचं इंधन राजकारणामुळे अडलं तर तिथून मिळावं आणि स्वतःची सेंट्रिफ्यूज उभारायचं निमित्त उरू नये, हा त्यामागचा विचार. सोव्हिएत काळात साडेचारशेहून जास्त अणुचाचण्या झाल्या तो देश आज इंधन सांभाळतो.

अणुवीज मराठवाड्यात उभी राहील असं मात्र मी म्हणणार नाही. तिलाही थंड करायला भरपूर पाणी लागतं, आणि पाण्याअभावी परळीचं औष्णिक केंद्र बंद ठेवावं लागलेलं आपण पाहिलंय. आपल्याकडे ती तारेतूनच येणार, समुद्राकाठच्या केंद्रांतून. पण ती केंद्रं सुरक्षित राहणं ही आपलीही गरज आहे, कारण युद्धात अणुभट्टीवर तोफगोळा पडला तर बॉम्ब न टाकताही विष पसरू शकतं. युक्रेनमधल्या झापोरिझ्झिया केंद्रावर ही भीती २०२२ पासून आहे. आयएईएची माणसं तेव्हापासून आळीपाळीने तिथे राहत आहेत.

ही भीती भारत आणि पाकिस्तानने फार आधी ओळखली होती. ३१ डिसेंबर १९८८ ला दोघांनी करार केला की एकमेकांच्या अणुकेंद्रांवर हल्ला करायचा नाही. करारानुसार दर १ जानेवारीला दोन्ही देश आपापल्या अणुकेंद्रांची यादी अक्षांश-रेखांशांसह समोरच्याच्या हातात देतात. पहिली यादी १९९२ ला गेली. कारगिलच्या युद्धानंतरच्या जानेवारीतही ती गेली. संसदेवरच्या हल्ल्यानंतर, १ जानेवारी २००२ ला, सीमेवर दोन्हीकडची फौज समोरासमोर उभी होती. त्या दिवशीही दिल्लीत आणि इस्लामाबादेत यादी दिली गेली आणि घेतली गेली.