प्रोग्रामिंग रिट्रीट

प्रोग्रामिंग रिट्रीट : रोजच्या कामातून काही काळ बाजूला होऊन, केवळ आपला हात सुधारावा म्हणून इतर प्रोग्रामरांच्या सोबतीने केलेला सराव. मुदत एका दिवसापासून तीन महिन्यांपर्यंत. बूटकॅम्पशी याची नेहमी गल्लत होते. बूटकॅम्पमध्ये अभ्यासक्रम ठरलेला असतो, शिकवणारे असतात आणि नजर पहिल्या नोकरीवर असते. रिट्रीटला येणाऱ्याला कोड लिहिता येतो हे धरूनच चालतात. इथला कोड कोणाच्या हवाली करायचा नसतो, आणि सगळी मेख तिथेच आहे. कामावर ‘चालतंय ना, मग हात लावू नकोस’ हे शहाणपण ठरते. इथे मुद्दाम हात लावायचा असतो.

एकदिवसीय प्रकाराला कोडरिट्रीट म्हणतात. गॅरी बर्नहार्ट, पॅट्रिक वेल्श, नयन हजरतवाला आणि कोरी हेन्स यांच्या चर्चेतून २००९ च्या सुरुवातीला अमेरिकेत तो आकाराला आला. २०११ पासून जगभर एकाच सुमारास असे मेळावे भरू लागले. दिवसभर कोडे एकच : गणितज्ञ जॉन कॉनवे यांचा ‘गेम ऑफ लाइफ’, जो मार्टिन गार्डनर यांच्या ‘सायंटिफिक अमेरिकन’मधील सदरातून ऑक्टोबर १९७० मध्ये लोकांपुढे आला. चौकटींच्या अमर्याद पटावर प्रत्येक घर जिवंत किंवा मृत. जिवंत घराला दोन किंवा तीन जिवंत शेजारी असतील तर ते टिकते, नाहीतर मरते. मृत घराला बरोबर तीन असतील तर ते जिवंत होते. नियम एवढेच.

दोघांनी एका संगणकावर बसायचे, आधी टेस्ट (कोड बरोबर चालतो का ते तपासणारा छोटा प्रोग्राम) लिहायची, मग कोड. पंचेचाळीस मिनिटे झाली की सगळे डिलीट, जोडीदार बदलायचा आणि पहिल्यापासून सुरुवात. नवख्याला हे जिवावर येते, त्यातही कोड नुकताच चालू लागलेला असला तर फारच. पण पुसण्याचा फायदा दुसऱ्या-तिसऱ्या फेरीत दिसतो. पहिल्या फेरीत बहुतेकांचा हात सवयीने द्विमितीय ॲरेकडे, म्हणजे ओळी-रकान्यांच्या ठरावीक आकाराच्या तक्त्याकडे जातो. मग पट संपतो तिथे काय करायचे, कोपऱ्यातल्या घराचे शेजारी कसे मोजायचे, यातच वेळ जातो. पुढे कधीतरी कोणाला सुचते, की पट साठवायलाच नको. फक्त जिवंत घरांचे निर्देशक (घर कितव्या ओळीत, कितव्या रकान्यात ते) एका संचात ठेवले की पुरे. कडा नाहीशी होते आणि तिच्यासाठी लिहिलेल्या सगळ्या ‘इफ’ही, म्हणजे ‘असे असेल तर तसे कर’ या अटीही जातात. जुना कोड समोर असता तर त्यालाच ठिगळे लावत बसलो असतो. नंतरच्या फेऱ्यांत बंधनेही घालतात : इफ वापरायचे नाही, लूप (तीच कृती पुन्हा पुन्हा करवणारी रचना) नाही, मेथड (एक काम करणारा कोडचा तुकडा) चार ओळींहून मोठी नको, किंवा जोडीदाराशी बोलायचेच नाही.

दीर्घ मुदतीच्या प्रकारातले ठळक नाव न्यूयॉर्कचे रीकर्स सेंटर. २०११ मध्ये ते हॅकर स्कूल म्हणून सुरू झाले, २०१५ मध्ये नाव बदलले. नेहमीची मुदत सहा किंवा बारा आठवडे. शिक्षक, परीक्षा, प्रमाणपत्र यांतले काही नाही आणि फीही नाही; इथून गेलेल्यांना नोकरीवर घेणाऱ्या कंपन्यांकडून मिळणाऱ्या पैशावर संस्था चालते. काय करायचे ते ज्याचे त्याने ठरवायचे. कोणी छोट्या प्रोग्रामिंग भाषेचा इंटरप्रीटर (त्या भाषेतला कोड चालवणारा प्रोग्राम) लिहितो, कोणी शेल (टाइप केलेल्या आज्ञा संगणकाकडून करवून घेणारा प्रोग्राम), कोणी टीसीपीची, म्हणजे इंटरनेटवर माहिती बिनचूक पोचवणाऱ्या नियमांची, आपली आवृत्ती. तयार मिळणारी गोष्ट स्वतः बांधून तिच्या पोटात काय आहे ते पाहायचे.

केंद्राचे चार सामाजिक नियम या क्षेत्रात प्रसिद्ध आहेत. मुद्द्याला धक्का न लावणारी दुरुस्ती ‘खरं म्हणजे तसं नाही’ म्हणत मध्येच घुसडायची नाही. ‘काय! तुला पॉइंटर माहीत नाहीत?’ असे खोटे आश्चर्य दाखवायचे नाही. दोघे काम करत असताना खोलीच्या दुसऱ्या टोकावरून सल्ला फेकायचा नाही. वंश, लिंग वगैरेंवरून आडून टोमणे मारायचे नाहीत. दुसरा नियम सर्वांत मोलाचा म्हणावा लागेल. ‘मला माहीत नाही’ म्हणायची लाज गेल्याशिवाय शिकणे सुरूच होत नाही, आणि अनुभवी माणसाला ती लाज जास्तच असते.

मोकळीक मात्र सर्वांना झेपत नाही. वरून काम येण्याची सवय असलेल्यांचे पहिले काही दिवस ‘नेमके काय करू’ यातच जातात. दहा गोष्टी उघडायच्या आणि एकही धड पुढे न्यायची नाही, असा तो काळ असतो. दुसरी अडचण पैशाची. फी नसली तरी बारा आठवडे पगाराविना काढावे लागतात. २०१२ मध्ये एट्सी या कंपनीने हॅकर स्कूलला येणाऱ्या स्त्रियांना राहण्याच्या खर्चासाठी अनुदान दिले, त्यानंतर तिथल्या स्त्रियांची संख्या चांगलीच वाढली.