पट्टा-चकती सँडर

पट्टा-चकती सँडर : बाकावर पक्के बसवलेले घासकामाचे यंत्र. यात एकाच मोटरीवर अपघर्षक (घासणाऱ्या कणांचा थर असलेल्या) कापडाचा अखंड पट्टा आणि अपघर्षक कागद चिकटवलेली उभी चकती फिरते. यंत्र स्थिर राहून लाकूड त्यावर टेकवले जात असल्यामुळे हातसँडरखाली धरता न येणारे लहान तुकडेही यावर नेमके घासता येतात. घरगुती कार्यशाळेत १०० × ९१४ मिमी. (४ × ३६ इंच) पट्टा व १५० मिमी. (६ इंच) चकती हा आकार विशेष प्रचलित आहे. लांबट कडा तंतूंच्या दिशेने सपाट करण्यासाठी पट्टा, तर टोके व बाह्यवक्र काटकोनात घासण्यासाठी चकती वापरतात.

या यंत्राचा पूर्वेतिहास म्हणजे काचकागदाचा (सँडपेपरचा) इतिहास होय. तेराव्या शतकातील चीनमध्ये शिंपल्यांचा चुरा, बिया व वाळू नैसर्गिक डिंकाने चर्मपत्रावर चिकटवीत, असे संदर्भग्रंथांत सांगितले जाते. औद्योगिक उत्पादनाचा पहिला मान लंडनचे जॉन ओकी (१८३३ च्या सुमारास) यांचा, की अमेरिकेतील व्हर्माँट राज्यातल्या स्प्रिंगफील्डचे आयझॅक फिशर (पेटंट, १४ जून १८३४) यांचा, याविषयी एकमत नाही. डिसेंबर १८३६ मध्ये अमेरिकेच्या पेटंट कार्यालयाला लागलेल्या आगीत आधीच्या बहुतेक नोंदी जळाल्या; त्यामुळे केवळ तारखांवरून अग्रक्रम लावण्यापेक्षा, दोन्ही देशांत ही प्रक्रिया साधारण एकाच काळात आकाराला आली असे मानणे अधिक सयुक्तिक ठरते. यांत्रिक घासकामाच्या दृष्टीने निर्णायक घटना मात्र नंतरची आहे. काचेचे व वाळूचे कण वेगाने फिरणाऱ्या पट्ट्यावर लवकर बोथट होतात. एडवर्ड अ‍ॅचिसन यांनी १८९१ मध्ये सिलिकॉन कार्बाइड तयार केले आणि पुढे कृत्रिम ॲल्युमिनियम ऑक्साइडही उपलब्ध झाले, तेव्हा ही अडचण दूर झाली. आजचे लाकूडकामाचे पट्टे बहुधा ॲल्युमिनियम ऑक्साइडचे असतात.

यंत्र निवडताना मोटरीच्या अश्वशक्तीला प्राधान्य देण्याची प्रथा आहे. परंतु चकतीचा व्यास आणि फेऱ्यांची गती यांचा एकत्र विचार अधिक उपयुक्त असतो. चकतीच्या केंद्रापाशी वेग शून्य व कडेला सर्वाधिक असतो. भारतातील ५० हर्ट्झ पुरवठ्यावर दोन चुंबकीय ध्रुवांची प्रवर्तन (इंडक्शन) मोटर मिनिटाला सुमारे २,८५० फेरे घेते. तिच्यावरील १५० मिमी. चकतीच्या कडेचा वेग सेकंदाला सुमारे २२ मी. भरतो. १,४२५ फेऱ्यांच्या चार ध्रुवी मोटरीवरील ३०० मिमी. चकतीचा कडेचा वेगही तेवढाच येतो, मात्र घासण्याची जागा पुष्कळ वाढते. त्यातही चकतीची खाली जाणारी अर्धी बाजूच वापरायची असते, कारण ती लाकूड चकतीपुढील आधाराच्या टेबलावर दाबून धरते, तर वर येणारी बाजू ते उचलून फेकते. म्हणजे १५० मिमी. चकतीची उपयुक्त रुंदी प्रत्यक्षात ७५ मिमी. पेक्षाही कमी उरते. काही जाणकार पट्ट्याच्या रुंदीला अधिक महत्त्व देतात. तथापि घरगुती कामात टोके काटकोनात आणणे हेच मुख्य काम असल्यामुळे जागा व खर्च परवडत असल्यास २०० मिमी. किंवा त्याहून मोठी चकती श्रेयस्कर होय.

अमेरिकेहून आणलेले १२० व्होल्ट, ६० हर्ट्झचे यंत्र येथे ट्रान्सफॉर्मरवर चालवल्यास व्होल्टेज जुळते, पण वारंवारता बदलत नाही. अशा वेळी प्रवर्तन मोटरीची गती सुमारे एकषष्ठांशाने घटते आणि ती अधिक तापू शकते.

चकतीपुढील टेबल हा यंत्राचा सर्वांत महत्त्वाचा भाग असूनही स्वस्त यंत्रांत नेमका तोच कच्चा असतो. वीज बंद असताना गुण्याची (काटकोन तपासण्याच्या साधनाची) एक बाजू टेबलावर व दुसरी चकतीला टेकवून पाहावे. मध्ये प्रकाशाची फट दिसली आणि ती टेबल घट्ट कसल्यावरही गेली नाही, तर त्या यंत्रावर जोड काटकोनात बसणार नाहीत. पत्र्याच्या टेबलापेक्षा बीडाचे टेबल दाबाखाली कमी लवते. टेबल व चकती यांतील फट सुमारे दीड मिमी.च्या आत ठेवता आली पाहिजे, अन्यथा पातळ तुकडा त्यात ओढला जातो. पट्टा रुळावर मध्यभागी राखणारा स्क्रू हाताने फिरवता येणारा असावा.

कागदाच्या क्रमांकांपैकी (क्रमांक मोठा तसे कण बारीक) आकार देण्यास पी-८० व पुढील सफाईस पी-१२० पुरेसा होतो. चकतीचे ओरखडे कमानदार उमटत असल्याने शेवटचा हात तंतूंच्या दिशेने हातानेच मारावा लागतो. सागासारखे तेलकट लाकूड कागद लवकर भरवते.

धुळीचा प्रश्न गौण मानता येणार नाही. इंग्लंडमधील हाय विकम परिसरातल्या फर्निचर कामगारांत नाकाच्या पोकळीचा एरवी दुर्मीळ असणारा कर्करोग १९६० च्या दशकात लक्षात आला, आणि १९९५ मध्ये आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने लाकडाच्या धुळीचा मानवी कर्करोगकारकांच्या पहिल्या गटात समावेश केला. यंत्रासोबतच्या कापडी पिशवीतून सूक्ष्म धूळ निसटते. म्हणून पट्टा व चकती या दोहोंना स्वतंत्र धूळनळी जोडता येईल असे यंत्र घ्यावे आणि मुखवटाही वापरावा. त्याच यंत्रावर लोखंड घासायचे झाल्यास आधी धुळीची नळी काढून कवचातील भुसा पूर्ण साफ करणे आवश्यक असते, कारण त्यात पडलेली ठिणगी बराच वेळ धुमसत राहून नंतर पेट घेऊ शकते.