तांब्याचा सेंट, तीन पायांचा रेडा आणि बनावट ‘एरर’ नाण्यांची पार्श्वभूमी

टांकसाळीत चुकून वेगळं पडलेलं नाणं, म्हणजे संग्राहकांच्या बोलीतलं ‘एरर’, ऑनलाइन बाजारात आता हवं तेवढं मिळतं. दोन्ही बाजूंना मुखवटा, कडेचा तुकडा उडालेला, अक्षरं दोनदा उमटलेली, असे नाना प्रकार. यातली बरीच नाणी टांकसाळीतून अगदी नीट बाहेर पडलेली असतात आणि नंतर कुणीतरी कानस, हातोडा किंवा मुलामा वापरून ती बिघडवलेली असतात. परदेशी नाणी जमवणाऱ्या आपल्याकडच्या नवख्या माणसाला हा फरक कळणं फार गरजेचं आहे, कारण ते नाणं रोजच्या वापरातलं नसल्याने मुळात ते कसं दिसतं हेच त्याला पुरतं ठाऊक नसतं.

या फसवणुकीचा इतिहास समजून घ्यायला अमेरिकेच्या १९४३ च्या सेंटइतकं चांगलं उदाहरण नाही. दुसऱ्या महायुद्धात तांबं लढाईच्या कामासाठी हवं होतं, म्हणून त्या वर्षी फिलाडेल्फिया, डेन्व्हर आणि सॅन फ्रान्सिस्को या तिन्ही टांकसाळींनी जस्ताचा मुलामा दिलेल्या पोलादी चकत्यांवर सेंट पाडले. तिन्हींचे मिळून १०९ कोटींहून जास्त. ही नाणी गंजायची, नवी असताना दहा सेंटचं नाणं समजून लोक गफलत करायचे, त्यामुळे पुढच्याच वर्षी तांब्याचा मिश्रधातू परत आला. पण आधीच्या वर्षाच्या थोड्या कांस्य, म्हणजे मुख्यतः तांब्याच्या, चकत्या मागे राहून गेल्या होत्या आणि त्यांच्यावरही १९४३ चा ठसा बसला. अशी अस्सल नाणी आजवर मोजकीच सापडली आहेत. डेन्व्हरचं तर एकच माहीत आहे, ते २०१० मध्ये १७ लाख डॉलरला विकलं गेलं.

तेव्हा अफवा अशी होती की असं नाणं आणून देणाऱ्याला हेन्री फोर्ड नवी मोटार देणार. कंपनीने ते नाकारलं, पण अफवा थांबली नाही. १९४७ मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या एका शाळकरी मुलाला शाळेच्या कॅन्टीनमध्ये परत मिळालेल्या सुट्ट्या पैशांत हे नाणं सापडलं. त्याने सरकारी खजिन्याकडे विचारणा केली, तर उत्तर आलं की १९४३ चे सगळे सेंट पोलादाचेच आहेत. त्याने नाणं आयुष्यभर सांभाळलं. २०१९ च्या लिलावात त्याला दोन लाख डॉलरच्या वर किंमत आली.

एवढा पैसा दिसल्यावर नकला होणारच. सर्वांत सोपी युक्ती म्हणजे पोलादी सेंटवर तांब्याचा मुलामा. ती लोहचुंबकाने लगेच उघडी पडते. मग बनवणाऱ्यांनी १९४८ चा खरा कांस्य सेंट घेऊन आठाची डावी बाजू खरवडून तीन करायला सुरुवात केली. तो चुंबकाला चिकटत नाही आणि वजनही बरोबर ३.११ ग्रॅम भरतं, जिथे पोलादी सेंट जेमतेम २.७ ग्रॅमचा असतो. इथे भिंग लागतं. १९४३ मधल्या तीनची शेपटी लांब असून बाकीच्या आकड्यांच्या खाली उतरते, खरवडलेल्या आठाला ती कुठून येणार? चुंबकाला चिकटलं तर नाणं पोलादी, हे पक्कं. नाही चिकटलं तर ‘कदाचित’, एवढंच म्हणायचं.

१९३७ सालच्या डेन्व्हरच्या पाच सेंटच्या काही नाण्यांवरचा बायसन, म्हणजे अमेरिकी रानरेडा, तीन पायांचा आहे. नाण्यावर नक्षी उमटवणाऱ्या धातूच्या ठशावरचे ओरखडे घालवताना कुणीतरी तो जास्त घासला आणि पुढचा एक पाय नाहीसा झाला, खूर मात्र राहिला. हेच करायला घरी कानस पुरते. पण अस्सल नाण्यावर पोटाखालून जमिनीपर्यंत बारीक उठावदार ठिपक्यांची रांग असते. ते ठिपके ठशातल्या खळग्यांतून आलेले आहेत. कानस धातू काढून टाकू शकते, वर उचलू शकत नाही.

दुहेरी अक्षरांची कथा जास्त गुंतागुंतीची आहे. त्या काळी ठसा तयार करताना मूळ साचा त्यावर एकाहून जास्त वेळा दाबावा लागे, दोन दाबांच्या मध्ये ठसा तापवून मऊ करत. दुसऱ्या वेळी तो किंचित फिरला की नक्षी दोनदा उतरायची. १९५५ चे असे सुमारे २०,००० सेंट फिलाडेल्फियातून बाहेर पडले आणि त्यांतले कितीतरी सिगारेटच्या पाकिटासोबत सुट्टे म्हणून लोकांच्या हाती गेले. १९६९ मध्ये उलटंच घडलं. दुहेरी अक्षरांचे बनावट सेंट आधी पकडले गेले, त्यामुळे सॅन फ्रान्सिस्कोचे अस्सल दुहेरी सेंट सापडले तेव्हा बनावट चलन पकडणाऱ्या सीक्रेट सर्व्हिस या सरकारी यंत्रणेने त्यांतले काही नकली समजून जप्त केले.

त्या अस्सल सेंटवर तारीख दुहेरी आहे, पण खालचं ‘एस’ हे टांकसाळचिन्ह एकेरी आहे. आपल्या मुंबई टांकसाळीच्या नाण्यांवर हिऱ्याच्या आकाराची खूण असते तसंच हे चिन्ह, पण तेव्हा ते तयार ठशावर हाताने वेगळं ठोकत. मग साच्याच्या चुकीत ते सापडणार कसं? चिन्हसुद्धा दुहेरी दिसत असेल तर बहुधा नाणं पाडतानाच ठसा हललेला असतो. तिथे अक्षराच्या बाजूला सपाट पायरी दिसते आणि त्याला फारशी किंमत नाही.

तुकडा उडालेल्या नाण्यात मी आधी तुकड्याच्या समोरची कड पाहते. चकती कापतानाच तुकडा गेलेला असेल तर कड उचलणाऱ्या यंत्रात त्या जागी दाब मिळत नाही, म्हणून नेमकी समोरची कड पुसट राहते. नंतर कापलेल्या नाण्यात ती भरदार असते. दोन्हीकडे मुखवटा असलेलं नाणं बहुतेक जादूगारांचं असतं. एक नाणं आतून कोरून त्यात दुसरं बसवलेलं असतं, त्याची सांध्याची रेघ कडेच्या आतल्या बाजूला नखाला लागते.

ब्रिटनमध्ये वेगळाच प्रकार चालतो. तिथे १९८२ मध्ये दोन पेन्सच्या नाण्यावरचं ‘न्यू पेन्स’ बदलून ‘टू पेन्स’ झालं. १९८३ च्या संग्राहक संचांतल्या काही नाण्यांवर जुनीच अक्षरं राहून गेली, तेवढीच दुर्मिळ. तरी १९७१ ते १९८१ ची साधी ‘न्यू पेन्स’ नाणी ‘एरर’ म्हणून चढ्या भावाने मांडलेली दिसतात. यात कानसही लागत नाही, फक्त समोरच्याचं अज्ञान लागतं. मला हा प्रकार मुलाम्याइतकाच वाईट वाटतो.

अमेरिकेत १९७२ मध्ये तिथल्या नाणेसंग्राहक संघटनेने नाणी तपासून दाखला देण्याची सेवा सुरू केली. १९८० च्या दशकात खासगी संस्था नाणं पारदर्शक डबीत बंद करून क्रमांक देऊ लागल्या. आता त्या डब्यांचीही नक्कल होते, म्हणून डबीवरचा क्रमांक संस्थेच्या संकेतस्थळावर टाकून तिथला फोटो हातातल्या नाण्याशी ओरखड्यासकट ताडून घ्यावा. क्रमांक खरा आणि नाणं भलतंच, असंही होतं.